संध्याकाळी साडेसातची मीटिंग

परवा रात्री एका मुलाचा फोन आला. बदलापूरचा आहे, तिशीतला असेल, कुणाकडून तरी माझा नंबर मिळालेला त्याला. म्हणाला, दादा मी मागच्या आठवड्यात दारू सोडणाऱ्यांच्या एका मीटिंगला जाऊन आलो पण ते आपल्याला काही जमेल असं वाटलं नाही, सगळे म्हातारे होते आणि निम्मे हिंदीत बोलत होते, आता काय करू. मी त्याच्याशी पाऊण तास बोललो आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा नीट लिहूनच ठेवावं, कारण गेल्या तीन वर्षांत हाच प्रश्न मला दहाबारा जणांनी तरी विचारला असेल, आणि मी स्वतः हाच प्रश्न घेऊन आठ महिने हिंडलोय आणि त्या आठ महिन्यांत दोनदा परत प्यायलोय.

नाव लिहीत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं मीटिंगमधे एकमेकांना आधार देतात ती संघटना, तिच्या बारा परंपरा आहेत, त्यात पेपर, रेडिओ, सिनेमा अशा जाहीर ठिकाणी आपलं नाव पुढे करायचं नाही असं आहे आणि मला ते मनापासून पटतं. ग्रुपचं नाव, पत्ता तेही देत नाही. एवढंच सांगतो की वय ४६, डोंबिवलीत राहतो, भायखळ्याला एका प्रिंटिंग प्रेसमधे अकाउंट्स बघतो. बारातेरा वर्षं रोज प्यायलो. सकाळी नाही, ऑफिसात नाही, सुट्टीच्या दिवशी दुपारी पण क्वचितच. माझी वेळ संध्याकाळची. भायखळ्याहून फास्ट पकडायची, तासभर उभं राहायचं, डोंबिवलीला उतरलं की स्टेशनच्या रस्त्यावर डाव्या हाताला वाईन शॉप, तिथून क्वार्टर घ्यायची आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत ओतून पार्किंगमधल्या जिन्याखाली उभं राहून संपवायची आणि मग वर जायचं. नंतर नंतर एकावर भागेना, दुसरी स्कूटरच्या डिकीत ठेवायला लागलो आणि बायको झोपली की खाली यायचो. मुलीच्या दहावीच्या क्लासच्या फीचे बारा हजार कपाटात ठेवले होते, ते पण मीच उचलले आणि तीन दिवस घरात सगळ्यांबरोबर शोधायचं नाटक केलं. कामवाल्या मावशींवर संशय गेला तेव्हाही गप्प राहिलो. हे मी पुढे मीटिंगमधे बोललो, मावशींच्या घरी जाऊन पण बोललो, पण ते फार नंतर.

आणि श्रावण मात्र कडक पाळायचो. हे मुद्दाम लिहितो कारण आपल्याकडे पुष्कळ जण यातच अडकतात. गटारीला ढोसायची, मग महिनाभर एक थेंब नाही, मांस मच्छी नाही, आणि घरात छाती काढून सांगायचं की बघा, मी ठरवलं की सोडू शकतो, मी काय बेवडा आहे का. आणि गणपती विसर्जन झालं की परत चालू. सात आठ वर्षं हा श्रावण मी स्वतःच्या बाजूने पुरावा म्हणून वापरला. माझ्यासारखे किती आहेत ते मीटिंगला गेल्यावर कळलं.

घरच्यांनी त्यांच्या परीने सगळं केलं. आईने लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या जाहिराती असतात ना, न सांगता दारू सोडवा, त्यातलं एक चूर्ण मागवून माझ्या चहात घालायला सुरुवात केली होती. तिचा जीव तुटत होता म्हणून केलं, तिला मी काहीच म्हणत नाही. पण वाचणाऱ्या प्रत्येक आईला आणि बायकोला हात जोडून सांगतो, हे करू नका. त्यात काय असतं आपल्याला माहीत नसतं. दारूवर रिअॅक्शन येणारी डायसल्फिराम नावाची गोळी असते, ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीवावर बेतू शकतं. डॉक्टर ती गोळी देतात पण माणसाला सगळं सांगून, त्याच्या मर्जीने आणि तपासण्या करून. चोरून नाही.

दुसरी गोष्ट पण इथेच सांगून टाकतो. रोज आणि भरपूर पिणारा माणूस असेल, सकाळी हात थरथरत असतील तर एका दिवसात घरच्या घरी बंद करायचा हट्ट करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या मधे माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, जीव जाऊ शकतो. मी आधी डॉक्टरकडे गेलो, आठवडाभर औषधं आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं घेतली. मीटिंग त्याच्यानंतर, किंवा त्याच्याबरोबर. डॉक्टरऐवजी मीटिंग असं एएमधला कुणीही शहाणा माणूस तुम्हाला सांगणार नाही.

त्या डॉक्टरांनीच सांगितलं की अंगातली दारू मी काढली, डोक्यातली काढायला माणसं लागतील, ती शोधा. तर मग शोध सुरू झाला.

पहिली मीटिंग मी ऑफिसच्या बाजूला बघितली, दक्षिण मुंबईत, इंग्रजीतली. कारण एकच, तिथे मला ओळखणारं कुणी असणार नाही. माणसं फार चांगली होती हो, मला बसायला जागा करून दिली, चहा आणून दिला, पहिल्यांदा आलायस तर बोलायची सक्ती नाही म्हणाले. मी चारपाच वेळा गेलो. पाचव्या वेळेला बोलायला उभा राहिलो, माझं नाव सांगितलं, मी अल्कोहोलिक आहे म्हणालो आणि पुढे शब्दच फुटेना. इंग्रजीत मला ऑडिटरशी बोलता येतं, बँकेशी भांडता येतं, पण कपाटातल्या बारा हजारांबद्दल इंग्रजीत कसं बोलायचं ते मला येत नव्हतं. मावशींच्या चेहऱ्याला इंग्रजीत शब्द नव्हता माझ्याकडे. थँक्यू म्हणून खाली बसलो. भाषेची बाब लहान नाही, असं मला तेव्हापासून वाटतं. हिशोब कुठल्याही भाषेत करता येतो, कबुली ज्या भाषेत आईचा मार खाल्ला त्याच भाषेत येते.

ती मीटिंग एका चर्चच्या हॉलमधे व्हायची. आईला कळलं तेव्हा तिने हळूच विचारलं, अरे तिथे धर्म बदलायला तर सांगत नाहीत ना? तिला नीट सांगितलं, तसं तुम्हालाही सांगतो. हॉल भाड्याचा असतो. काही ठिकाणी चर्चचा, काही ठिकाणी शाळेचा, काही ठिकाणी समाजमंदिराचा, आणि भाडं ग्रुप आपल्या थैलीतून भरतो. मीटिंगमधे एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा वीस रुपये टाकायचे, नसतील तर नाही टाकायचे. बाहेरच्या कुणाची देणगी एए घेत नाही, फी नाही, फॉर्म नाही, सभासद व्हायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. देव या शब्दावर पुष्कळ जण अडतात. एएच्या बारा पायऱ्या म्हणजे दारूशिवाय जगायला शिकायचे बारा टप्पे, त्यांत देव येतो, पण तिथे स्पष्ट लिहिलंय, आम्हाला जसा उमगला तसा देव. आमच्या ग्रुपमधे एक जुने कामगार युनियनवाले आहेत, आयुष्यात देवळाची पायरी चढले नाहीत, ते म्हणतात माझ्यासाठी हा ग्रुपच माझ्याहून मोठी शक्ती, आणि त्यांची दारू थांबून एकोणीस वर्षं झाली आहेत.

दुसरी मीटिंग घराजवळची. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, एका शाळेच्या वर्गात, मराठीतली, संध्याकाळी साडेसातची. आता मागे वळून बघतो तर मला लागणारं सगळं त्या एका वर्गात होतं. आणि मी तिथे दारापर्यंत गेलो आणि पळून आलो.

कारण काय, तर आत पहिल्याच बाकावर आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या स्टँडचा एक रिक्षावाला बसलेला. रोज ज्याच्या रिक्षाने स्टेशनला जातो तो. त्याने मला बघितलं, मी त्याला बघितलं. मी वळलो आणि जवळजवळ धावत सुटलो आणि डोक्यात एकच, उद्या सगळ्या सोसायटीला कळणार. सोसायटीला काय कळायचं बाकी होतं हा विचार तेव्हा सुचला नाही, जिन्याखाली मी उभा असायचो ते वॉचमनपासून चौथ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण पिताना लोकांनी बघितलं तर लाज वाटत नाही आणि सोडताना बघितलं तर वाटते, हे असंच असतं बहुतेक, माझ्यासारख्या कितीतरी जणांनी नंतर हेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर तोच रिक्षावाला पुढे. मी मान खाली घालून बसलो. त्याने स्टेशनला सोडलं, सुट्टे दिले आणि रोजच्यासारखं काहीही न बोलता गेला. सात महिने तो असंच वागला. एक शब्द नाही, एक खूण नाही.

तिसरी मीटिंग ठाण्याला, रविवारी सकाळी दहाची. ही मला खूप आवडली. मराठी, मोठा ग्रुप, वीस वीस पंचवीस पंचवीस वर्षं न पिता राहिलेली माणसं, त्यांचे अनुभव ऐकताना अंगावर काटा यायचा. मला वाटलं झालं, सापडली आपली मीटिंग. रविवारी सकाळी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून जायचो, येताना जिलबी घेऊन यायचो, घरात पण सगळे खूष. सोमवारी बरं जायचं. मंगळवारी पण. बुधवारी संध्याकाळी त्या वाईन शॉपसमोरून जाताना रविवारचं काहीही आठवायचं नाही. दात आवळून पुढे जायचो. असे तीन साडेतीन महिने गेले, त्यात एकदा एक क्वार्टर झाली, ती मी कुणाला सांगितली नाही, आणि मग आला मे महिना आणि मित्राच्या भावाची हळद.

आमच्या इकडची हळद ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. डीजे, मटण आणि मांडवामागे टेबल. मी सोडा घेऊन बसलो होतो. कुणी जबरदस्ती केली नाही, उगाच कुणावर ढकलत नाही, एकजण फक्त म्हणाला आज तर घे, भाऊचं लग्न आहे. रात्री किती वाजता घरी आलो ते मला माहीत नाही. सकाळी मुलगी समोर बसली होती, डबा न घेताच कॉलेजला गेली.

पुढच्या रविवारी ठाण्याला गेलो आणि सगळं सांगितलं. मीटिंग संपल्यावर एक काका बाजूला घेऊन गेले, बेस्टमधून रिटायर झालेले, पुढे तेच माझे स्पॉन्सर झाले, म्हणजे नव्या माणसाला वाट दाखवणारा जुना माणूस. मला वाटलं ते काहीतरी तत्त्वज्ञान सांगतील. त्यांनी विचारलं, तू प्यायचास किती वाजता?

म्हटलं, सात साडेसात. ट्रेनमधून उतरलो की.

रविवारी सकाळी दहाला कधी प्यायलास?

म्हटलं, नाही. कधीच नाही.

मग रविवारी सकाळी दहाला मीटिंगला येऊन तू काय थांबवतोयस?

मी गप्प. ते म्हणाले, अरे इथे ये, जरूर ये, पण तुझा आजार साडेसातला उठतो आणि तू औषध आठवड्यातून एकदा सकाळी घेतोस. तुझ्या घराजवळ साडेसातची मीटिंग नाही का? म्हटलं आहे, पण तिथे ओळखीचा माणूस आहे. ते म्हणाले, मग तर फारच चांगलं आहे.

आठ महिने मी माणसं बघत होतो. कोण शिकलेलं आहे, कोण माझ्या वयाचं आहे, कोण माझ्यासारखं बोलतं, कोण मला ओळखत नाही. घड्याळ मी बघितलंच नव्हतं. म्हणून आता मला जो कुणी विचारतो की कुठली मीटिंग चांगली, त्याला मी आधी उलट विचारतो, तुझी वेळ कुठली आणि तुझा रस्ता कुठला. दुकान आणि घर यांच्या मधे जी मीटिंग येते, दुकानाच्याही आधी आली तर सोन्याहून पिवळं, ती तुझी. तिथली माणसं आवडोत न आवडोत. आवडायला लागतात नंतर.

एएमधे चार गोष्टी सांगतात ज्यांच्यापासून जपायचं, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. आता संध्याकाळी सातला डोंबिवली स्टेशनवर उतरणारा माणूस बघा. दुपारी एकला डबा खाल्लेला, तासभर लोकलमधे एका पायावर उभा, दिवसभर साहेबांची बोलणी ऐकलेली आणि एवढ्या गर्दीत एकटा. चारही गोष्टी एकदम. काकांनी मला पहिली शिस्त लावली ती ही की प्लॅटफॉर्मवर उतरलं की आधी काहीतरी खायचं, वडापाव, केळं, काहीही, आणि मग मीटिंगला जायचं. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मी तलफ कमी झाली यावर माझा मलाच विश्वास बसेना.

एए सुरू झालं ते पण अशाच एका वेळेतून, हे मला नंतर वाचताना कळलं. १९३५ सालचा मे महिना, अमेरिकेत अॅक्रन नावाचं गाव, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याच्या कामाला आलेला, काम फिसकटलेलं, खिशात थोडेच पैसे आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार. बारमधून माणसांचे हसण्याचे आवाज येतायत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चच्या पत्त्यांची यादी. तो फोनकडे गेला आणि एकामागून एक नंबर फिरवत राहिला की मला इथला एखादा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. आणि त्या डॉक्टरांनी ज्या दिवशी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५, तोच एएचा स्थापना दिवस मानतात. म्हणजे जगातली पहिली मीटिंग दोनच माणसांची होती, आणि ती त्या वेळी, त्या बारच्या जवळ हवी होती म्हणून झाली. भारतात हे १९५७ पासून आहे, मुंबईत पण तेव्हापासून.

तर मी त्या शाळेत गेलो. एका मंगळवारी, पाऊस नुकता सुरू झालेला. चौथीचा वर्ग. फळ्यावर एका कोपऱ्यात आजचा सुविचार आणि पटसंख्या, मुले २३ मुली १९, आणि खाली लसावि काढा म्हणून एक अर्धवट गणित. बाक एवढे बुटके की गुडघे वर येतात, पन्नाशीतली माणसं त्या बाकांवर अंग चोरून बसलेली. खिडकीच्या गजाला दोन कापडी बॅनर बांधलेले, एकावर बारा पायऱ्या, एकावर बारा परंपरा, पंख्याच्या वाऱ्याने हलतायत. टेबलावर स्टीलची किटली आणि पार्लेचा पुडा. सुरुवातीला दोन मिनिटं शांतता, जो अजून बाहेर पितोय आणि त्रास सोसतोय त्याच्यासाठी. त्या दोन मिनिटात बाहेरून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते आणि मला कळत होतं की या क्षणी मी जिन्याखाली उभा असतो, घड्याळात साडेसात, आणि आज मी इथे आहे.

रिक्षावाला होताच. त्याने सरकून जागा केली. तेवढंच.

मी त्या दिवशी बोललो. बारा हजार, मावशी, मुलगी, सगळं. मधे दोनदा थांबलो, कुणी चल पुढे बोल असं म्हणालं नाही, कुणी पाठीवर हात पण ठेवला नाही, नुसते ऐकत होते. संपल्यावर एकाने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाला, शुक्रवारी या. गुरुवारी रात्री त्याचा फोन आला, उद्या आहे लक्षात आहे ना. ही मीटिंग आपली, असं मला त्या फोनने वाटलं.

आमचा ग्रुप आठवड्यातून दोनच दिवस असतो, मग बाकीच्या दिवसांचं काय. काकांनी सांगितलं कालनिर्णय घे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर बायको दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकोनात खाली मी पेन्सिलने लिहायला लागलो, सोमवारी ठाकुर्ली, बुधवारी कल्याण, गुरुवारी रात्री ऑनलाईन, असं. पहिल्या नव्वद दिवसात नव्वद मीटिंग करा असं जुने लोक सांगतात, माझ्या ७१ झाल्या. बायको सकाळी दूध लिहिताना माझा चौकोन बघायची. काही बोलायची नाही, पण एकदा बुधवारच्या चौकोनात तिने स्वतःच लिहिलं होतं, कल्याण, छत्री नेणे.

माझ्या मेव्हण्याने एकदा विचारलं, की हे नुसतं बसून बोलण्याने होतं का काही, शास्त्रीय आधार आहे का. प्रश्न चांगल्या मनाने होता. २०२० साली वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, असं सगळं एकत्र तपासलं होतं. ज्या उपचारात माणसाला पद्धतशीरपणे एएकडे नेऊन जोडून देतात त्यात वर्षभर सलग अजिबात न प्यायलेले ४२ टक्के निघाले, आणि समुपदेशनाच्या दुसऱ्या चांगल्या पद्धतींमधे ३५ टक्के. म्हणजे सगळे बरे होत नाहीत, निम्मेसुद्धा नाहीत. हे मी लपवत नाही. माझ्याबरोबर त्या पावसाळ्यात आलेले दोघं आज नाहीत, एकाच्या मयताला आम्ही सगळा ग्रुप गेलो होतो. पण आपल्या देशात मुळात पोचतातच किती? २०१९ मधे केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीत दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कुठली ना कुठली मदत मिळते. बाकीचे ३७ जिन्याखालीच आहेत.

आणि एएच हवं असं पण नाही. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून चालू आहे ते, तिथे राहून आलेले कितीतरी जण मला भेटलेत, आणि बाहेर आल्यावर त्यांचे जे पाठपुराव्याचे गट भरतात तेच त्यांचं घर झालंय. ज्यांना देवाचा शब्दच नको त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी म्हणून वेगळी पद्धत आहे, त्यांच्या मीटिंग ऑनलाईन मिळतात. बायकांना मिक्स मीटिंगमधे बोलणं फार अवघड जातं, आमच्याकडे एक ताई आल्या होत्या, वीस पुरुषांमधे एकट्या, दुसऱ्यांदा आल्या नाहीत आणि मला ते अजून खटकतं, की आम्ही तेव्हाच दुसऱ्या कुणा ताईंचा नंबर का नाही दिला. आता आम्ही आधी तेच करतो. बायकांच्या वेगळ्या मीटिंग असतात, फोन केला की सांगतात. ऑनलाईन मीटिंग २०२० च्या लॉकडाऊनमधे वाढल्या त्या टिकल्या, आमच्या गुरुवारच्या मीटिंगला आखातात नोकरी करणारा एक सांगलीचा मुलगा असतो, त्याच्या कॅम्पमधे मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही. रात्रपाळीवाल्यांना पण ऑनलाईनच सोयीचं. कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, आणि मन फारच खचलं असेल, जीव नकोसा झाला असेल तर १४४१६, टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. एएच्या पण हेल्पलाईन आहेत, फोन उचलणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला असतो. त्याला भाषा सांगा, वेळ सांगा, स्टेशन सांगा. आणि मीटिंग ओपन आहे का क्लोज्ड ते विचारा, ओपनला घरचं माणूस बरोबर येऊ शकतं, क्लोज्डला फक्त आपण.

घरच्यांची मीटिंग पण वेगळी असते, अलॅनॉन, आणि मुक्तांगणमधे बायकांसाठी सहचरी गट आहे. माझी बायको वर्षभर म्हणत होती की पिणारे तुम्ही आणि मीटिंगला मी का जाऊ. मग एकदा शेजारच्या वहिनींबरोबर गेली. परत आल्यावर बराच वेळ ओट्यापाशी उभी होती, मग म्हणाली, अहो, मला वाटायचं मी जरा गोड बोलले असते तर तुम्ही एवढं प्यायला नसता. बारातेरा वर्षं ती हे मनात घेऊन जगत होती आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून तिच्या चौकोनात पण पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं असतं.

बदलापूरच्या मुलाला मी विचारलं, तुझी वेळ कुठली. तो म्हणाला, शनिवारी दुपारपासून ते रविवार रात्रीपर्यंत, मधल्या दिवसात नाही घेत. म्हटलं, आणि मीटिंगला गेलास कधी? म्हणाला, मंगळवारी. मग आम्ही दोघांनी फोनवरच त्याच्या लाईनवरच्या शनिवारच्या मीटिंग काढल्या, दोन मिळाल्या, एक अंबरनाथला आहे संध्याकाळची. त्याला म्हटलं कमीत कमी सहा वेळा जा, म्हातारे असले तरी जा, हिंदीत बोलले तरी जा, तू मराठीत बोल, आणि मग आवडत नसेल तर सांग, आपण दुसरी शोधू. पहिल्या वेळी मी येतो तुझ्याबरोबर. शनिवारी साडेपाचला प्लॅटफॉर्मवर भेटायचं ठरलंय.

परवा गटारी आहे. स्टेशनच्या रस्त्यावर आत्तापासून रांगा आहेत. त्या दिवशी आम्ही शाळेत ज्यादा मीटिंग ठेवलीय, नेहमीपेक्षा लवकर, साडेसहाला, आणि ती मोठी चालवणार, रात्री दहापर्यंत, ज्याला जेव्हा यायचं तेव्हा यावं, निघायचं तेव्हा निघावं. बायकोने मसालेभात करून द्यायचं कबूल केलंय, रिक्षावाला मित्र तो डबा घरून घेऊन येईल. वर्गाची किल्ली या महिन्यात माझ्याकडे असते, म्हणून ऑफिसात साहेबांना आजच सांगून ठेवलंय की परवा चारला निघणार.